माहितीला खुणा कशा कराव्यात : चिन्हांकन भाषांची तोंडओळख

शाळेतून कार्यालयाकडे जाणारी माहिती पूर्वी कागदावर जात असे आणि ती वाचणारा मनुष्य असे. वाचक मनुष्य असण्याचा एक मोठा लाभ असा की, लिहिणाऱ्याने जे लिहिलेले नाही तेही तो बहुधा समजून घेतो. समासात लाल शाईने केलेली फुली, नावाखाली ओढलेली रेघ, कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिलेला शेरा, या सर्वांचा अर्थ तो तर्काने लावतो, अथवा निदान विचारून तरी घेतो. आज हीच माहिती इंटरनेटवरून जाते. तिचा पहिला वाचक यंत्र असते. यंत्राला तर्क नाही आणि विचारून घेण्याची बुद्धीही नाही.

या फरकाची किंमत काय असते हे मला दोन वर्षांपूर्वी कळले. ज्या चुकीमुळे ते कळले ती माझी स्वतःची होती. तालुक्यातील विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी मी एकत्र करीत होतो. साहाय्यक साधनांसाठी मुलांची तपासणी व मोजमाप करण्याचे शिबिर जवळ आले होते. शाळांकडून आलेले तक्ते निरनिराळ्या पद्धतीचे होते. म्हणून मी ते सारे स्वल्पविरामाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलींत, म्हणजे ज्यांना सीएसव्ही म्हणतात त्यांत, रूपांतरित केले आणि मग एकत्र जोडले. काम एका सायंकाळी संपले याचे मला समाधान वाटले. शिबिराच्या दिवशी एका वस्तीशाळेच्या बाई मला येऊन भेटल्या आणि म्हणाल्या, “साहेब, आमच्या शाळेचे नाव यादीत कसे नाही? मी तर तिन्ही ओळी पिवळ्या करून पाठविल्या होत्या.”

मूळ फाइल मी उघडून पाहिली. बाईंचे म्हणणे खरे होते. शाळेच्या संपूर्ण पटात तीन ओळींना त्यांनी पिवळा रंग दिला होता. पाहणाऱ्या कोणाही मनुष्याला ती मुले वेगळी आहेत हे दिसले असते. परंतु साध्या मजकुराच्या फाइलीत रंगाला जागाच नसते. रूपांतर होताच रंग गेला आणि रंगाबरोबर ती तीन मुलेही गेली. त्यांपैकी एका चौथीतील मुलाला ऐकू कमी येत होते. त्याला श्रवणयंत्र मिळावयास पुढे सात महिने लागले. चौथीचे सात महिने म्हणजे काय, हे शिक्षकांना सांगावयास नको.

बाईंनी खूण केली होती. पण ती दिसण्याची खूण होती, अर्थाची नव्हती. हा भेद ज्याला नीट उमगला त्याला चिन्हांकन भाषांचे मर्म उमगले असे मी म्हणेन. इंग्रजी नावावरून त्यांना मार्कअप भाषा म्हणतात. एचटीएमएल, एक्सएमएल ही नावे आपण ऐकलेली असतात. ही अभियंत्यांची विद्या आहे, आपले तिच्याशी काय काम, असे वाटून आपण ती सोडून देतो. वस्तुतः तिचे मूळ छापखान्यात आहे आणि तिची तत्त्वे चौथीच्या गणितापेक्षा अवघड नाहीत.

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी हस्तलिखित थेट जुळाऱ्याच्या हाती जात नसे. संपादक अथवा मुद्रणाचा जाणकार त्यावर खुणा करी. ही ओळ ठळक टाइपात, हा परिच्छेद आत सरकवून, हे शीर्षक मध्यभागी, अशा त्या सूचना असत. मजकूर लेखकाचा आणि खुणा मुद्रकासाठी. खुणा छापल्या जात नसत, परंतु छापलेल्या पानाचे रूप त्यांच्यामुळेच ठरे. हस्तलिखितावर अशा खुणा करणे म्हणजेच मार्कअप. पुढे मजकूर संगणकावर आला तेव्हा या खुणाही त्याच्याबरोबर आल्या. आणि प्रारंभी त्या तशाच होत्या, म्हणजे दिसण्याविषयीच्या.

या पद्धतीत अडचण अशी होती की, एका यंत्रासाठी केलेल्या खुणा दुसऱ्या यंत्राला कळत नसत. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात झालेल्या एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी असा विचार मांडला की, मजकुराचा आशय आणि त्याचे बाह्य रूप ही एकमेकांपासून अलग ठेवावीत. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वकिलांच्या कार्यालयांसाठी एक संगणकीय व्यवस्था उभारीत होते. कागदपत्रे लिहिणारा एक कार्यक्रम, ती शोधून देणारा दुसरा, ती छापण्यासाठी मांडणारा तिसरा, आणि तिघांच्या खुणा तीन प्रकारच्या! तेव्हा त्यांनी खुणांचा विषयच बदलला. “हे ठळक छापा” असे सांगण्याऐवजी “हे शीर्षक आहे” एवढेच सांगावे. शीर्षकाचे काय करावयाचे ते छापणाऱ्याने आपल्यापुरते ठरवावे, शोधणाऱ्याने आपल्यापुरते. या भाषेला त्यांनी जीएमएल असे नाव दिले. ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही आहेत. हा गमतीचा योग त्यांनी जाणूनबुजून साधला होता. तिच्यातूनच एसजीएमएल ही भाषा विकसित झाली आणि १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

पुढे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. वेबची पाने लिहिण्यासाठी त्यांनी एसजीएमएलच्या धर्तीवर एचटीएमएल ही सोपी भाषा तयार केली. आज आपण मोबाइलवर उघडतो ते प्रत्येक संकेतस्थळ अखेरीस याच भाषेत ब्राउझरपुढे येते. एचटीएमएलमधील खुणा ठरलेल्या आहेत : शीर्षक, परिच्छेद, यादी, तक्ता, दुवा इत्यादी. पान लिहावयाचे तर त्या पुरतात. परंतु विद्यार्थी, जन्मतारीख, हजेरी, पर्जन्यमान, औषधाची मात्रा अशा गोष्टींसाठी तीत खुणा नाहीत. म्हणून ज्याला त्याला आपल्या विषयाच्या खुणा स्वतः ठरविता याव्यात, मात्र त्या लिहिण्याचे नियम सर्वांना एकच असावेत, या हेतूने एक्सएमएल ही भाषा तयार करण्यात आली. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला मान्यता दिली.

आता प्रत्यक्ष खूण कशी करतात ते पाहू. खुणेला टॅग म्हणतात. टोकदार कंसांत वस्तूचे नाव लिहिले की आरंभाची खूण झाली. त्याच नावापूर्वी तिरपी रेघ दिली की शेवटची खूण झाली. दोहोंच्या मध्ये प्रत्यक्ष माहिती. एका काल्पनिक विद्यार्थिनीची नोंद अशी होईल :

<विद्यार्थी इयत्ता="३">
<पहिलेनाव>सविता</पहिलेनाव>
<वडिलांचे-नाव>दगडू</वडिलांचे-नाव>
<आडनाव>काळे</आडनाव>
<जन्मतारीख>२०१६-११-०५</जन्मतारीख>
<श्रवणदोष>होय</श्रवणदोष>
</विद्यार्थी>

ही नोंद वाचावयास कोणत्याही खास कार्यक्रमाची गरज नाही, ती साध्या डोळ्यांनी वाचता येते. येथे एकही रंग नाही, ठळक अक्षर नाही, आणि तरीही श्रवणदोष ही बाब हरवण्याची सोय उरलेली नाही. ही फाइल दुसऱ्या संगणकावर न्या, तिचे तक्त्यात रूपांतर करा, दहा हजार नोंदींत मिसळा; “श्रवणदोष : होय” असलेली मुले पुढे काढ म्हणून यंत्राला सांगितले की सविता पुढे येईलच.

तसेच नावाचे तीन भाग स्वतंत्र आहेत. आपल्या तक्त्यांत कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी. मनुष्य वाचताना सावरून घेतो. यंत्र मात्र ‘काळे सविता’ आणि ‘सविता काळे’ या दोन मुली समजते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलगी दोन शाळांच्या पटांवर दोनदा मोजली जाण्याचे अथवा कोणत्याच पटावर न सापडण्याचे हेही एक कारण आहे.

जन्मतारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम घेतला आहे. हा क्रम आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे. ‘०५/११/२०१६’ असे लिहिले तर आपण पाच नोव्हेंबर वाचतो. अमेरिकी पद्धतीवर बसविलेला संगणक ती अकरा मे समजतो आणि मूल सहा महिन्यांनी मोठे होते. दिवस बाराच्या पुढे असला तर निदान चूक उघडी पडते. बाराच्या आतील तारखा मुकाट्याने बदलतात. म्हणूनच त्या अधिक घातक. (छपाईच्या सोयीसाठी येथे अंक देवनागरी घातले आहेत. यंत्राकडे जाणाऱ्या फाइलीत तारखेचे अंक आंतरराष्ट्रीय लिपीतील द्यावे लागतात, हे ध्यानात असावे.)

लिहिण्याचे नियम थोडे आहेत, पण ते काटेकोर आहेत. उघडलेली प्रत्येक खूण बंद झालीच पाहिजे. सर्व नोंदींना पोटात घेणारी एक सर्वांत बाहेरची खूण असावी, जसे की <पट> आणि </पट>. नावात मोकळी जागा चालत नाही आणि नावाचा आरंभ अंकाने करता येत नाही. ‘इयत्ता’सारखा जो तपशील आरंभाच्या खुणेतच दिला जातो, त्याची किंमत अवतरणचिन्हांत हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आत उघडलेली खूण आतच बंद झाली पाहिजे. पदावलीतील कंसांचा नियम आपण मुलांना शिकवितो तोच हा : साधा कंस आधी मिटवावा, मग महिरपी, मग चौकटी. <विद्यार्थी><आडनाव>काळे</विद्यार्थी></आडनाव> असे लिहिणे म्हणजे चौकटी कंस आधी मिटवून साधा कंस बाहेर लोंबत ठेवणे होय.

गणिताच्या शिक्षकांना एक अडचण निश्चित येईल. ‘५ < ७’ असे लिहिले तर यंत्र त्या ‘पेक्षा लहान’ चिन्हाला नव्या खुणेचा आरंभ समजेल. त्यासाठी त्या चिन्हाऐवजी एक ठरावीक संकेत लिहिण्याची सोय भाषेत केलेली आहे. तो संकेत ‘&’ या चिन्हाने सुरू होतो; साहजिकच ते चिन्हही मजकुरात मोकळे लिहिता येत नाही.

नियम मोडले तर काय होते? एचटीएमएलच्या बाबतीत ब्राउझर मोठे उदार असतात. अपुरे, चुकलेले पानही ते जमेल तसे दाखवितात. एक्सएमएल वाचणाऱ्या कार्यक्रमाला मात्र अशी मोकळीक नाही. पहिली चूक आढळताच त्याने थांबले पाहिजे आणि चूक कळविली पाहिजे, असा नियमच आहे. पुष्कळांना हा कडकपणा जाचक वाटतो. पिवळ्या ओळींच्या प्रसंगानंतर मला तो हवासा वाटू लागला आहे. त्या सायंकाळी माझ्या संगणकाने एकही तक्रार केली नव्हती.

वरील उदाहरणातील खुणा मराठीत आहेत, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. एक्सएमएलच्या नियमांप्रमाणे खुणांची नावे देवनागरीत देता येतात, कारण ही भाषा युनिकोडवर उभारलेली आहे. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी ही पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. येथेही तोच दिसण्याचा आणि असण्याचा भेद आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. देवनागरी हा केवळ त्यांवर चढविलेला वेष. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली, तेथे तो फॉन्ट नसला, की वेष गळून पडतो आणि अगम्य अक्षरे उरतात. आपल्या कित्येक शाळांच्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फाइली आज वाचता येत नाहीत त्या यामुळे.

अर्थाने केलेल्या खुणेचा लाभ केवळ कार्यालयाला होतो असे नाही. दृष्टिहीन वाचक पडदा-वाचक कार्यक्रमाच्या साहाय्याने संगणकावरील मजकूर ऐकतात. मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा असा एक कार्यक्रम असून तो विनामूल्य मिळतो. डोळस वाचक पानावर नजर टाकून मोठ्या अक्षरांवरून शीर्षके हेरतो. दृष्टिहीन वाचक कळफलकावरील ‘एच’ ही कळ दाबतो आणि कार्यक्रम त्याला एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर नेतो. मात्र त्यासाठी शीर्षकाला शीर्षक अशी खूण केलेली असली पाहिजे. कोणी अक्षर नुसतेच मोठे व ठळक केले असेल, तर डोळसाला ते शीर्षक दिसेल आणि दृष्टिहीन मुलाच्या दृष्टीने ते पान सलग, दारे-खिडक्या नसलेल्या भिंतीसारखे होईल. वर्ड या कार्यक्रमात आपण स्वाध्यायपत्रिका लिहितो, तेव्हा ‘हेडिंग’ ही शैली निवडावी, केवळ अक्षर वाढवू नये, एवढी खबरदारी कोणीही घेऊ शकेल.

वर्ड आणि एक्सेलचा विषय निघालाच आहे तर एक प्रयोग सुचवितो. २००७ च्या आवृत्तीपासून या कार्यक्रमांच्या फाइली म्हणजे वस्तुतः एक्सएमएलच्या अनेक लहान फाइलींचे बांधलेले गाठोडे असते. एखाद्या निरुपयोगी फाइलीची प्रत काढावी, तिच्या नावाच्या शेवटचे विस्तारपद बदलून ‘झिप’ करावे आणि गाठोडे सोडून पाहावे. आत टोकदार कंसांचे रान दिसेल. बाईंच्या फाइलीतही तसे होते आणि त्यात पिवळ्या रंगाचीही नोंद होती. परंतु ती ‘या ओळीचा रंग पिवळा’ एवढीच होती. पिवळा म्हणजे काय, हे त्या फाइलीत कोठेच नव्हते. ते बाईंच्या मनात होते.

तथापि चिन्हांकनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. <जन्मतारीख> या खुणेचा अर्थ यंत्राला कळतो असे समजू नये. त्याच्या लेखी ती एक अक्षरमाला आहे. एका शाळेने ‘जन्मतारीख’ आणि दुसरीने ‘जन्मदिनांक’ लिहिले तर यंत्राला त्या दोन निराळ्या गोष्टी. म्हणून देवाणघेवाण करणाऱ्यांनी आधी एकत्र बसून नावे ठरवावी लागतात. कोणती खूण आवश्यक, कोणती ऐच्छिक, कोठे केवळ अंक हवेत, हे लिहून ठेवावे लागते. अशा लेखी कराराला स्कीमा म्हणतात आणि फाइल त्याप्रमाणे आहे की नाही हे यंत्र तपासू शकते. करार मात्र माणसांनीच करावयाचा असतो. शिवाय खूण बरोबर आणि माहिती खोटी, असेही होऊ शकते. मुलाला ऐकू येते की नाही, हे त्याच्या मागे उभे राहून हाक मारणाऱ्या शिक्षकालाच ठाऊक.

हल्ली माहितीच्या देवाणघेवाणीसाठी जेसन नावाची, एक्सएमएलहून आटोपशीर अशी पद्धतही फार चालते. तिच्यात खुणांऐवजी नाव आणि किंमत यांच्या जोड्या असतात. मजकूर आणि खुणा एकमेकांत गुंफावयाच्या असतील, जसे एखाद्या पाठात अथवा नाटकाच्या संहितेत, तर एक्सएमएल सोयीची. नुसत्या नोंदी पाठवावयाच्या तर जेसन चालते. वस्तूला तिच्या नावाने ओळखावे, हे दोहोंतही समान आहे.

एक सावधगिरी. माहिती जितकी सुव्यवस्थित, तितकी ती चटकन शोधली जाते. भल्याकडून तशीच बुऱ्याकडूनही. मुलाचा श्रवणदोष, कुटुंबाची स्थिती, पालकांचा दूरध्वनी असलेली यादी व्हॉट्सॲपच्या समूहावर टाकण्याची सवय आपण सोडली पाहिजे. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे, आणि मुलांच्या माहितीविषयी त्यात स्वतंत्र तरतुदी आहेत.

आपल्यापैकी कोणालाही उद्यापासून एक्सएमएल लिहावयाचे नाही. आपल्याकडून मागितला जातो तो तक्ताच. परंतु तक्ताही अर्थाने खूण केलेला असू शकतो. पहिल्या ओळीत प्रत्येक स्तंभाचे स्पष्ट नाव द्यावे. एका ओळीत एकच मूल असावे. चौकटी जोडून एक करू नयेत, कारण जोडलेली चौकट कोणत्या ओळीची हे यंत्राला सांगता येत नाही. एका चौकटीत दोन गोष्टी कोंबू नयेत. रंग द्यावयाचा असेल तर अवश्य द्यावा, डोळ्यांना तो बरा असतो; मात्र त्या रंगाचा जो अर्थ आपल्या मनात आहे, त्याच्यासाठी शेजारी एक स्तंभ उघडावा आणि त्यात शब्द लिहावा. वस्तीशाळेच्या बाईंनी आपल्या पटात आता ‘विशेष गरज’ असा स्तंभ घातला आहे आणि त्यात ‘श्रवणदोष’, ‘अल्पदृष्टी’, ‘नाही’ असे लिहिले आहे. चौकट रिकामी ठेवावयाची नाही, ‘नाही’ असे स्पष्ट लिहावयाचे, हे त्यांचे त्यांनीच ठरविले. रिकाम्या चौकटीवरून मूल तपासले गेले की राहून गेले हे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि ते मला मान्य आहे.

ज्या शाळांच्या याद्यांत अद्याप रंगीत ओळी आहेत, त्यांनी त्या याद्या पुढील शिक्षण परिषदेस येताना पेनड्राइव्हवर घेऊन याव्यात. रंगाच्या जागी स्तंभ कसा घालावयाचा ते तेथे एकत्र बसून करू. आणि यादी सीएसव्हीत रूपांतरित करून, काही हरवले की नाही हे त्याच वेळी पडताळून पाहू.